रायझन ७६०० आणि बी६५० की आय५ १३४०० आणि बी७६०? दोन्ही मशीन नऊ महिने वापरल्यावर

ऑगस्ट २०२४ मध्ये, गणपतीच्या आधी, आमच्या सांगलीच्या स्टुडिओत दोन कॉम्प्युटर एकदम बांधले. माझ्याकडे अल्बम डिझाईन, म्हणजे दिवसभर फोटोशॉप आणि लाईटरूम. धाकट्या भावाकडे लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग. माझं मशीन एएमडीच्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरवर आणि बी६५० मदरबोर्डावर, त्याचं इंटेलच्या आय५ १३४०० वर आणि बी७६० बोर्डावर. तुळशीच्या लग्नापासून मेअखेरपर्यंतचा पूर्ण सीझन दोन्हींनी काढला, म्हणून आता लिहितोय.

मी प्रोसेसर निवडायला पंधरा दिवस घालवले आणि बोर्ड दुकानात उभ्या उभ्या ठरवला. ते उलटं करायला हवं होतं. ७६०० मध्ये ६ कोअर (काम करणारे गाभे), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). १३४०० मध्ये ६ मोठे आणि ४ छोटे कोअर मिळून १६ थ्रेड. आमच्या कामाला दोन्ही पुरून उरतात. एक्स्पोर्टला लावून उठलं की कोणाचं आधी झालं हे विचारायची वेळसुद्धा येत नाही. जो त्रास झाला आणि जे सुख मिळालं, ते जवळपास सगळं बोर्डाकडून.

पहिली संध्याकाळच घ्या. बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. बोर्डाच्या कडेला ‘डीरॅम’ लिहिलेल्या जागी एक बारीक पिवळा दिवा, तो हलेना. जुन्या मशीनवर असं झालं की रॅम काढायची, पुसायची, परत लावायची ही आमची सवय. भाऊ स्क्रू ड्रायव्हर घेऊन आलाच. मी त्याचा हात धरला, कारण एवढं एक वाचून ठेवलं होतं: एएम५ बोर्ड (एएम५ हे माझ्या रायझनचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा) पहिल्यांदा सुरू होताना डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे ती कशी नीट चालेल ते तपासून ठरवतो, त्याला काही मिनिटं लागतात आणि तोवर स्क्रीनवर काहीही दिसत नाही. चार-पाच मिनिटांनी लोगो आला. त्या वेळात घाबरून कोणी मधेच स्विच बंद केला की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एकदाच होतं तर चाललं असतं. पण माझा बोर्ड दर वेळी सुरू होताना जवळजवळ मिनिटभर घ्यायचा. पुण्या-मुंबईत मशीन महिनोन्‌महिने बंद न करणाऱ्याला हे कळणार नाही. आमच्याकडे लाईट जाते, यूपीएस दहा-पंधरा मिनिटं धरतो, मग मशीन बंद करावंच लागतं. समोर नवरीचे वडील अल्बमची पानं बघायला बसलेत आणि मी काळ्या स्क्रीनकडे बघतोय, असं ऑक्टोबरमध्ये तीनदा झालं. शेवटी बायोस (बोर्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट केला आणि त्यात ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर’ चालू केलं, म्हणजे मागचं ट्रेनिंगच परत वापरलं जातं. त्याच्यासोबत ‘पॉवर डाउन इनेबल’ही चालूच ठेवा, नाहीतर मशीन अधूनमधून अडखळू शकतं. आता वीस-बावीस सेकंदांत विंडोज येतं. रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या आहेत, एक्स्पो (रॅमचा जास्तीचा वेग लावणारी सेटिंग) लावून ६००० च्या वेगावर, एकदाही कुरकुर नाही. चार पट्ट्या लावायचा मोह टाळा. डीडीआर५ मध्ये चार लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो.

भावाला इंटेल घ्यायचं कारण वेगळं होतं. नवे मिररलेस कॅमेरे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी फुटेज देतात, म्हणजे रंगांची माहिती जास्त, पण उलगडायला जड. ते हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेल प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्समधल्या क्विक सिंकमध्ये आहे. रायझनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये नाही, आणि आम्ही खरेदी केली तेव्हाच्या एनव्हीडियाच्या कार्डांतही नव्हती. म्हणून व्हिडिओवाल्यांनी हजार-दीड हजार वाचवायला ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेऊ नये. त्यात ग्राफिक्सच नसतं, मग क्विक सिंक कुठून येणार? पण इथेही बोर्डाने घोळ घातला. ग्राफिक्स कार्ड लावल्याबरोबर त्याने प्रोसेसरचं ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकलं. दोन आठवडे भाऊ टाइमलाईन अडकते म्हणून प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) बनवत बसला. बायोसमध्ये ‘आयजीपीयू मल्टी मॉनिटर’ चालू केलं आणि त्याच संध्याकाळी हळदीचं फुटेज लोण्यासारखं सरकायला लागलं.

त्याच्या बोर्डाचं दुसरं सुख म्हणजे डीडीआर४, आधीच्या पिढीची रॅम. बी७६० दोन्ही प्रकारांत मिळतो, आणि जुन्या मशीनमधली ३२ जीबी रॅम तशीच उचलून लावली. एएम५ वर तो रस्ताच नाही, तिथे फक्त डीडीआर५.

विजेचं सांगायचं तर कामाच्या भरात १३४०० जास्त ओढतो, त्याची वरची मर्यादा दीडशे वॉटच्या आसपास; ७६०० चं काम ८८ वॉटमध्ये भागतं. पण नुसतं चालू ठेवलेलं असताना उलटं होतं. वॉट मीटरवर माझं मशीन भावाच्या मशीनपेक्षा १५-२० वॉट जास्त दाखवतं, आणि डिझाईनच्या कामात मशीन निम्मा वेळ माझ्या हाताची वाटच बघत असतं. उन्हाळ्यात ७६०० सोबत आलेल्या छोट्या कूलरने एक्स्पोर्टला ९० च्या वर तापमान नेलं. ९५ पर्यंत तो प्रोसेसर चालतो, त्याची रचनाच तशी आहे, पण पंख्याचा आवाज खोलीत बसू देईना. दोन हजारांचा टॉवर कूलर लावला आणि प्रश्न मिटला.

आता पुढचं. इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० एस आणले ते नव्या एलजीए १८५१ सॉकेटवर. म्हणजे भावाच्या बोर्डात यापुढे फार तर १४ व्या पिढीपर्यंत जाता येईल. आणि आम्ही खरेदी केली तोच ऑगस्ट होता, जेव्हा १३ व्या-१४ व्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांमध्ये व्होल्टेजची अडचण निघाली होती, इंटेलने मायक्रोकोड (बायोसमधून येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १३४०० ला आम्हाला तसा काही त्रास झाला नाही, तरी बायोस अपडेट आम्ही केलाच. एएम५ बद्दल एएमडीने २०२७ आणि त्यापुढे साथ द्यायचं जाहीर केलंय. दोन-तीन वर्षांनी १२ कोअरचा प्रोसेसर याच बोर्डात बसवायचा माझा विचार आहे. म्हणूनच ए६२० चा स्वस्त बोर्ड घेतला नाही याचं समाधान वाटतं. त्यातल्या अनेकांवर व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला, उष्णता ओढून घेणारा हीटसिंकच नसतो, आणि सांगलीत एप्रिलमध्ये बंद खोलीत मोठा प्रोसेसर त्यावर दामटायची माझी तरी हिंमत नाही.

कोणी विचारलं तर फोटो, डिझाईन, ऑफिसवाल्याला मी ७६०० आणि बरा बी६५० सांगेन. व्हिडिओवाल्याला, घरात डीडीआर४ पडून असेल तर, आजही १३४००. बोर्ड घेताना मागचे यूएसबी पोर्ट मोजा, बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. त्याने प्रोसेसर न लावताही बायोस अपडेट होतो, म्हणून ते असलं तर नव्या प्रोसेसरसाठी जुना प्रोसेसर शोधत हिंडावं लागत नाही.

आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, सॉकेटची काळी टोपी काढायला लावा. दोन्हीकडे पिना आता बोर्डावर असतात, एएमडीच्या जुन्या एएम४ सारख्या प्रोसेसरवर नाहीत. एक पिन वाकलेली निघाली की वॉरंटी नाकारतात, आणि ती दुकानात वाकली की घरी हे कोण सिद्ध करणार? मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा. वाकलेली पिन असेल तर चमक तिथे तुटते. टोपी फेकू नका. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती परत लावून मागतात. आमच्या दोन्ही टोप्या बिलांना स्टेपल केलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहेत.