प्रॉन्गहॉर्नचं मांस: टांगून मुरवावं, बर्फात ठेवावं की माळावरच हाडावेगळं करावं?

प्रॉन्गहॉर्न म्हणजे उत्तर अमेरिकेच्या माळरानावरचा, हरणासारखा दिसणारा प्राणी. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात त्याच्या शिकारीचा परवाना लागला की माणूस बंदूक आणि दुर्बिणीवर महिनाभर डोकं खपवतो. मांसाचं काय करायचं हे मात्र जनावर पडल्यावर आठवतं. या मांसाला उग्र वास येतो अशी जी ओरड असते, तिचं खापर सेजब्रश या झुडपावर फोडलं जातं. खाण्याचा थोडा परिणाम होत असेलही, पण माझ्या मते खरा गुन्हेगार बहुतेक वेळा उष्णता असते. बंदुकीचा हंगाम बहुतांश भागांत सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आणि सप्टेंबरातल्या दुपारी पारा सहज २५ अंश सेल्सिअसपर्यंत जातो. त्यात या जनावराचे केस पोकळ असतात, आतली ऊब ते धरून ठेवतात. हिवाळ्यात जे त्याला वाचवतं, तेच मेल्यावर मांस नासवतं.

म्हणून कुठलाही मार्ग निवडा, पोट लगेच साफ करायचं आणि कातडी तासाभरात उतरवायची. सोलताना मोकळे केस मांसाला चिकटतात, ते जिथल्या तिथे वेचून टाका. मग खुबा आणि मांडीच्या सांध्यापाशी, अगदी हाडालगत, थर्मामीटर खुपसून बघा. वरून हाताला गार लागणारी मांडी आत चांगलीच कोमट निघते. ही जागा गार होईपर्यंत मुरवण्याचा विचारसुद्धा करू नका.

आता पर्याय. पहिला, अख्खं धड शीतखोलीत टांगणं. मांसातली स्वतःची एन्झाइम्स स्नायूंचे धागे हळूहळू तोडतात, त्यामुळे मांस मऊ पडतं आणि चव गडद होते. पण हे काम ० ते ४ अंशांत व्हायला हवं. त्याच्या वर गेलं की एन्झाइम्सच्या आधी जंतूच पुढे निघतात. गॅरेजमध्ये रात्री ३ आणि दुपारी १५ अंश असेल तर सरासरी काढून समाधान मानू नका, मांसाला सरासरी कळत नाही. शिवाय प्रॉन्गहॉर्न लहान चणीचा, अंगावर चरबी नावापुरती. जाड चरबीचं बैलाचं धड तीन आठवडे टांगलं तरी आतलं मांस सुरक्षित राहतं, इथे मात्र उघडा स्नायूच वाळतो आणि वरचा काळपट, चिवट थर कापून फेकावा लागतो. चांगल्या नराचं हाडावेगळं मांस जेमतेम १५ ते २० किलो, त्यातून ही घट परवडत नाही. मुळात हे मांस बारीक धाग्याचं आणि कोवळं. एल्क या मोठ्या हरणाच्या नराला दोन आठवडे मानवतात म्हणून यालाही तेवढेच दिले तर ते पिठूळ होतं. तीनेक दिवस पुरे.

दुसरा पर्याय, माळावरच सगळं हाडावेगळं करून पिशव्यांत भरणं. लांब चालत यायचं असेल किंवा ऊन तापलं असेल तर याला तोड नाही, कारण हाड गेलं की उष्णता झपाट्याने निघते. अडचण रिगर मॉर्टिसची, म्हणजे मेल्यावर स्नायू ताठरण्याची. मेल्यानंतर काही तासांत स्नायू आखडतात आणि सुमारे दिवसभराने सैल पडायला लागतात. त्याआधीच हाडावरून सोडवले तर त्यांना ताणून धरणारं काही उरत नाही, ते आक्रसतात आणि मांस चिवट होतं. तशात लगेच फ्रीझरमध्ये टाकलं तर गोठण सुटताना आणखी आखडतं. हरणाचे शिकारी माळावर हाडं काढतात त्यामागे आणखी एक कारण असतं: क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांच्या कुळात पसरणाऱ्या मेंदूच्या जीवघेण्या रोगामुळे अनेक राज्यांत बाहेरून हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा आणायला बंदी आहे. प्रॉन्गहॉर्न त्या कुळातला नाही, जिराफ त्याला जास्त जवळचा. त्यामुळे ते कारण इथे लागू होत नाही. परवाना फक्त नराचा किंवा फक्त मादीचा असेल तर लिंगाच्या पुराव्याचा (जनावर नर की मादी हे दाखवणारा भाग मांसासोबत ठेवण्याचा) नियम मात्र सुरी उचलण्याआधी नियमपुस्तिकेत बघून ठेवा.

तिसरा मार्ग मधला, आणि माझं मत त्यालाच. दोन मांड्या, दोन फरे (पुढचे पाय खांद्यासकट) हाडासकट सोडवायचे, पाठीचं मांस, मान आणि बरगड्यांवरचं वेगळं काढायचं. हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत वाऱ्यावर गार करायचं, मग कूलरमध्ये. हाड आत असल्याने मांड्या आणि फरे फार आक्रसत नाहीत. कूलरमध्ये तळाशी बर्फ, त्यावर जाळी, वर मांस, आणि पाणी निघून जायची तोटी उघडी. मांस बर्फाच्या पाण्यात तरंगू द्यायचं नाही. तसं ठेवलं की ते पांढुरकं पडतं, चव धुऊन जाते आणि एका तुकड्यावरची घाण सगळ्यांना लागते. पाण्याच्या बाटल्या गोठवून नेल्या तर हा त्रासच नाही. घरी आल्यावर फ्रिजमध्ये तीन दिवस, मग कापणी. फ्रिज लहान असेल तर दिवसभराने हाडं काढून व्हॅक्यूमच्या पिशवीत बंद करून ठेवा. वाळलेला थर फेकावा लागत नाही, मऊपणा येतो, फक्त टांगलेल्या मांसाची ती गडद चव मिळत नाही.

खिम्याला जाणारे तुकडे मुरवण्यात वेळ घालवू नका, यंत्र ते काम करतं. पोटात गोळी लागून आतडं फुटलं असेल तर मुरवणं विसराच: खराब झालेला भाग सढळ हाताने कापून टाका, उरलेलं गार करा आणि दुसऱ्याच दिवशी कापून गोठवा.

कापणीचं काम बाहेर देणार असाल तर शिकारीला निघण्याआधी फोन करून विचारा की टांगायला शीतखोली आहे का, तिचं तापमान किती असतं आणि कापायला किती दिवसांनी घेतील. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात तिथे रांग लागते. दहा दिवसांनी घेऊ म्हणाले, तर टांगण्याचा पर्याय तिथेच बाद.