आठ महिने, एक व्हॅक्यूम भांडं आणि ते सिलिकॉनचं कडं

मऊ लाकडाच्या ठोकळ्यांतली हवा काढून त्यात रेझिन मुरवायचं आणि भाजून ते टणक करायचं, त्यासाठीचा हा संच: पंप, जाड काचेच्या झाकणाचं भांडं, आतला दाब दाखवणारं गेज, तापवल्यावर घट्ट होणारं पातळ रेझिन. संचात काय येतं ते तुम्हाला ठाऊक असेलच, म्हणून थेट कड्यावर येतो.

झाकणाखालचं ते सिलिकॉनचं कडं काठावर नुसतं ठेवलेलं असतं. खाच नाही, काही नाही. झाकण उचललं की त्यालाच चिकटून वर येतं, क्षणभर लोंबतं आणि बरोबर रेझिनमध्ये पडतं. मग हातमोजे घालून ते बाहेर काढा, पुसा, पुन्हा बसवा. दोन महिन्यांत ते फुगून इतकं सैल झालं की एका बाजूला कायमची लाट.

त्यात पहिल्या महिन्यात ठोकळ्यांतून येणारे बुडबुडे काही केल्या थांबेनात. दहा तास पंप चालवला तरी तेच. कडंच गळतंय म्हणून विक्रेत्याशी तीन आठवडे भांडलो, फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले. शेवटी नवं कडं आलं. बुडबुडे तसेच!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. रिकामं भांडं, व्हॉल्व्ह बंद, पंप बंद. सकाळी पाहतो तर गेजचा काटा जागच्या जागी. म्हणजे गळती नव्हतीच. माझं लाकूड ओलं होतं. दोन वर्षं सावलीत वाळलं तरी त्यात 8-10 टक्के ओल राहतेच, आणि 25 अंशांना पाणी साधारण 32 मिलिबारच्या खाली उकळायला लागतं. मी दहा तास पाणी उकळत बसलो होतो. पंपाचं तेल दुधाळ का झालं, तेही तेव्हाच कळलं.

आता ठोकळे 105 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवतो. दिवसभर तरी लागतोच. मग बंद पिशवीत गार करतो, नाहीतर हवेतली ओल परत शोषतात. बुडबुडे चार-पाच तासांत संपतात. विक्रेत्याला माफीचा मेल मात्र पाठवला नाही. कडं वाईटच आहे.

दुसरा गाढवपणा म्हणजे व्हॅक्यूम सोडला की मी ठोकळे लगेच बाहेर काढायचो. खरं तर व्हॅक्यूमने फक्त हवा निघते. रेझिन आत शिरतं ते हवा परत सोडल्यावर, बाहेरच्या दाबाने. आता रात्रभर बुडवूनच ठेवतो, वर वजन ठेवून.

बुरशीच्या काळ्या रेघांचा एक पोचट तुकडा, नख रुतेल असा, 84 ग्रॅमचा 171 झाला. लेथवर त्याच्या लांब सळसळत्या साली निघाल्या तेव्हा मी पटाशी थांबवून नुसता बघत राहिलो. शिसवाचा तुकडा मात्र 112 वरून 115. घट्ट, तेलकट लाकडावर रेझिन वाया घालवू नका.

भाजताना (90-95 अंश) फॉइलमधून रेझिन पाझरतंच, खाली ट्रे हवाच. ओव्हन वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. भांड्यात उरलेलं रेझिन मी गाळून परत बाटलीत भरतो आणि बाटली थंड जागी ठेवतो. थेंबही टाकवत नाही.

नवं कडं शेवटी झाकणालाच चार ठिकाणी सीलंटने चिकटवलं. काल त्यातलं एक टोक सुटलं.