दार उघडं ठेवायचं की वेळ ठरवून बसायचं?

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी किंवा मिहानमधल्या कंपनीत पहिल्यांदाच दहा-बारा माणसं हाताखाली आली, की त्यांना समजून घ्यावं असं बहुतेकांना मनापासून वाटतं. अडतं ते पद्धतीवर. "कोणीही कधीही या" म्हणावं, की प्रत्येकासाठी वेळ राखून बसावं? मी दोन्ही करून पाहिलंय.

उघड्या दाराचा मोठा फायदा म्हणजे अडचण ताजी असतानाच कळते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना कोणाला दुपारी गरगरलं किंवा घरून फोन आला की वडिलांना मेडिकलमध्ये भरती केलंय, तर तेव्हा त्याला तुम्ही त्याच मिनिटाला हवे असता. ठरलेल्या तारखेचा तिथे काय उपयोग?

पण त्या दारातून येतं कोण, हे महिनाभर मोजून बघा. मी शिफ्ट इन्चार्ज असताना माझं दार वर्षभर उघडं होतं आणि फिरून फिरून तेच पाच जण यायचे. बोलके, माझ्याच वयाचे, माझ्याशी आधीच मोकळे असलेले. पॅकिंगमधली एक ताई कधीच आली नाही. आली ती थेट राजीनामा घेऊन. सकाळी सहाच्या पाळीची कंपनीची बस तिच्या वस्तीत जात नव्हती. नवरा तिला पहाटे स्टॉपपर्यंत सोडायला यायचा, आणि तेवढा वेळ तीन वर्षांची मुलगी घरात एकटी झोपलेली असायची. असे सात महिने गेले होते. मी म्हटलं, सांगायचं ना! ती म्हणाली, "तुम्ही विचारलंच नाही, सर." तिला जनरल शिफ्टला घ्यायला मला एक सही लागली असती. ते वाक्य मला अजून टोचतं, आणि माझा कौल ठरलेल्या भेटीकडे झुकतो तो त्यामुळेच.

ठरलेल्या भेटीत गप्प माणसाचीही पाळी येते. पंधरा दिवसांतून एकदा, प्रत्येकी वीस मिनिटं. बारा जणांचे चार तास होतात. पहिल्या दोन भेटींत "सगळं बरं आहे, सर" एवढंच ऐकायला मिळेल. धीर धरा, माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी बोलतो. काटोलकडच्या एका मुलाच्या घरी संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराच्या तोडणीला त्याला गावी जावं लागतं, हे मला अशाच भेटीत ऑगस्टमध्ये कळलं. आदल्या वर्षी तोडणीच्या दिवसांत त्याच्या नावापुढे 'न सांगता गैरहजर' लागलं होतं. दसऱ्याच्या आसपासच्या सुट्ट्यांचंही तसंच. कोणाला घरच्या पूजेला थांबायचं असतं, तर कोणाकडे दीक्षाभूमीला आलेले पाहुणे उतरलेले असतात. आधी कळलं तर पाळ्या नीट लावता येतात.

या भेटीला दोन गोष्टी मारतात. एक, कामाच्या गर्दीत ती रद्द करणं. दोनदा रद्द झाली की माणूस आपली किंमत ओळखतो. दुसरी, तिथे टार्गेटचा विषय काढणं. त्यासाठी वेगळी बैठक घ्या.

काही जण तिसरा मार्ग सांगतात, चहाच्या ठेल्यावरच्या गप्पा. ओळख वाढायला छान. पण शेजारी तिघं उभे असताना कोणी घरचं दुखणं सांगत नाही.

काही बाबी मात्र तुमच्या समजूतदारपणावर सोडायच्याच नाहीत. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची प्रसूती रजा हा हक्क आहे, ती उपकार म्हणून देऊ नका. लैंगिक छळाची तक्रार केबिनमध्ये मिटवू नका. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि तक्रार लेखी द्यायला त्या बाईला मदत करणं हे तुमचं काम. कोणी मनाने फारच खचलेलं दिसलं तर ऐकून घ्या, पण समुपदेशक होऊ नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या, हवं तर फोन लावताना जवळ बसा.

तर निवड कशी करायची? चार-पाच जण एकाच खोलीत बसत असाल तर उघडं दार पुरतं. पाळ्या असतील, काही जण घरून काम करत असतील किंवा टीम आठच्या वर असेल, तर ठरलेली भेट आधी सुरू करा आणि तातडीसाठी दार उघडं आहे, हे स्पष्ट सांगा.

समोरचा बोलायला लागला की लगेच उपाय सुचवू नका. ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, "यात माझ्याकडून काय हवंय?" हातात नसेल त्याचा शब्द देऊ नका. हातात असेल त्याची तारीख द्या, ती वहीत त्याच्या नावापुढे लिहा, आणि पुढची भेट त्या ओळीपासूनच सुरू करा.