मतं मोजावीत की तेल?

युक्रेन युद्धाने जगाची घडी किती विस्कटली, हे अभ्यासायच्या दोन वाटा आहेत. एक संयुक्त राष्ट्रांतल्या मतांची. २ मार्च २०२२ला रशियाच्या आक्रमणाविरुद्धच्या ठरावावर आमसभेच्या फलकावर १४१ हिरवे दिवे (बाजूने), ५ लाल (विरोधात), ३५ पिवळे (तटस्थ), पिवळ्यांत भारतही. आकडे चोख, पण तटस्थ का राहिलात हे दिवा सांगत नाही.

दुसरी तेलाची, आणि मला तीच भरवशाची वाटते. भारताच्या तेल आयातीत रशियाचा वाटा युद्धाआधी दोन टक्क्यांच्या आसपास होता. २०२३मध्ये तो तिसऱ्या हिश्श्यापुढे गेला. डिसेंबर २०२२मध्ये जी-७ या श्रीमंत देशांच्या गटाने रशियन तेलाच्या दरावर पिंपामागे ६० डॉलरची मर्यादा घातली, तर ती चुकवायला जुनी टँकर जहाजं नाव आणि झेंडा बदलून माल वाहू लागली. त्यांच्या नोंदी जुळवणं महाजिकिरीचं, तरी सुरुवात इथूनच करावी.