कॉनवीचा किल्ला: आत जा पायांसाठी, बाहेर थांबा कॅमेऱ्यासाठी

उत्तर वेल्समधल्या कॉनवीच्या किल्ल्याचा जो फोटो तुम्ही कॅलेंडरवर पाहिला असेल, तो काढायला तिकीट लागत नाही. तो नदीच्या पलीकडून निघतो, आणि तोही बहुधा किल्ल्याचा दरवाजा उघडण्याआधी किंवा बंद झाल्यावर. हे ठाऊक नसलं की माणूस भर दुपारी आत शिरतो आणि काळपट भिंती, पांढरंफटक आभाळ असे ढीगभर फोटो घेऊन घरी येतो. तरीही मी म्हणेन, तिकीट काढाच. फक्त ते कशाचं आहे हे समजून काढा.

मी मँचेस्टरला राहते. तिथून गाडीने दीडेक तास. बरोबर बाबा होते, साताऱ्याहून आलेले, पीडब्ल्यूडीतून ओव्हरसीअर म्हणून निवृत्त. अजिंक्यतारा त्यांच्या रोजच्या फिरण्यातला आणि सज्जनगड-वासोटा पायाखालचे. राजवाडे आणि कॅथेड्रलं दाखवली तेव्हा त्यांनी सभ्यपणे जांभया दिल्या होत्या. इथे मात्र दारातच थबकले आणि वर बघून म्हणाले, "ही परांचीची भोकं बघ, तिरकी चढलीयेत."

खरंच तसं आहे. बुरुजांच्या बाहेरच्या अंगाला चौकोनी भोकांची रांग आडवी न जाता गोल जिन्यासारखी चढत जाते. बांधताना या भोकांत वासे खोचून लाकडी परांची, म्हणजे गवंड्यांचा माचा, उतरणीची ठेवली होती, म्हणजे दगड त्यावरून ओढत वर नेता येत. ही आल्प्समधल्या सव्हॉयकडची पद्धत. राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकल्यावर हे किल्ले उभे करायला जो मुख्य गवंडी नेमला, तो मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज, तिकडूनच आला होता. १२८३ ते १२८७ एवढ्या अवधीत किल्ला आणि गावाचा कोट मिळून बहुतेक काम उरकलं, खर्च सुमारे १५,००० पौंड. बाबांनी चार वर्षांचा आकडा दोनदा विचारून घेतला. त्यांच्या हयातीत रखडलेले पूल त्यांना आठवत असावेत.

फोटोवाल्यांनो, ही भोकं टिपायची तर ऊन बाजूने पडलं पाहिजे. समोरून ऊन असलं की भिंत सपाट दिसते आणि एकही भोक उठून येत नाही.

किल्ल्याची रचना आपल्या डोळ्याला लगेच कळते. लांबट कातळावर आठ गोल बुरूज, मधे एक आडवी भिंत. अलीकडे बाहेरचं आवार, पलीकडे राजाचा बालेकिल्ला. दोन्ही टोकांच्या दरवाजांपुढे आपल्याकडच्या जिभीसारखं, म्हणजे दरवाजा झाकणाऱ्या आडभिंतीसारखं, बंदिस्त आवार आहे. दरवाजाच्या माथ्यावर दगडी टेकूंवर पुढे काढलेला भाग आहे, खालच्या फटींतून शत्रूच्या डोक्यावर मारा करायला. ब्रिटनमध्ये टिकून राहिलेलं या प्रकारचं याहून जुनं दगडी काम नाही असं सांगतात. मधल्या भिंतीजवळ कातळात खोल विहीर खोदली आहे. बाबांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "नदी दाराशी आहे, पण ती खारी. पाणी आतच पाहिजे." गडाचं पहिलं कलम पाणी, हे त्यांना वेल्समध्ये कुणी सांगायची गरज नव्हती.

दिवाणखान्यावरचं छप्पर गेलं आहे. चौदाव्या शतकात ते तोलायला दगडी कमानी घातल्या होत्या, त्यातली एकच उभी आहे. इथे वाइड लेन्स काढायचा मोह होतो. काढा, पण कॅमेरा वर करू नका. बुरूज आत कलल्यासारखे येतात आणि मग घरी बसून सरळ करण्यात अर्धा फोटो कापला जातो. त्यापेक्षा फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, चढा आणि समोरच्या बुरुजाच्या बरोबरीने उभं राहून घ्या. हा किल्ला आतून टिपायची हीच उंची.

आणि तिकिटाचे पैसे इथेच वसूल होतात. फांजीवरून जवळजवळ पूर्ण फेरी मारता येते, शिवाय बुरुजांच्या माथ्यावर जाता येतं. बालेकिल्ल्याच्या चार बुरुजांवर टेहळणीचे आणखी छोटे मनोरे आहेत. वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला एरीरीचे (म्हणजे स्नोडोनियाचे) डोंगर, खाली कोटात बसवल्यासारखं गाव. पूर्वेच्या टोकावरून खाली तीन पूल शेजारी शेजारी दिसतात: इंजिनिअर टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल, इंजिनिअर स्टीव्हन्सनचा रेल्वेचा नळीसारखा पूल आणि नंतरचा रस्त्याचा. टेलफर्डने खांबांना किल्ल्यासारख्या चर्या, म्हणजे माथ्यावरचे कंगोरे, दिल्या, म्हणजे पूल किल्ल्याला शोभावा म्हणून. बाबांना ही लाडीगोडी आवडली नाही. मला फोटोत आवडते.

जिने मात्र गोल, अरुंद, झिजलेले. पाठीवर मोठी बॅग असेल तर समोरून येणाऱ्याची आणि तुमची दोघांची पंचाईत. एक कॅमेरा, एक लेन्स, लेन्स पुसायचं फडकं, बस. लेन्सपेक्षा फडकं महत्त्वाचं. खाडीवरचा वारा पाऊस आडवा आणतो. ड्रोन चालत नाही. किल्ला वेल्स सरकारच्या कॅडू या वारसा खात्याकडे आहे आणि त्यांच्या जागांवर परवानगीशिवाय उडवता येत नाही. बरंच आहे, नाहीतर फांजीवर डोक्यावर घोंगावणारं काहीतरी कायम असतं.

बुरुजांतल्या बाणांच्या फटींतून फोटो काढताना थोडं डोकं वापरावं लागतं. आपल्या जंग्या, म्हणजे तटातली माऱ्याची भोकं, बंदुकीसाठी खाली उतरत्या असतात. या फटी उभ्या, बाहेरून बोटभर वाटणाऱ्या आणि आतून पसरट. बाहेरचा प्रकाश धरला तर आतली भिंत काळी, आतला धरला तर बाहेरची खाडी पांढरी. मी दोन वेगवेगळे घेऊन नंतर जोडते. मोबाईलवाल्यांचा फोन हे आपोआप करतो आणि खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा बरं करतो.

आता उजेडाचं. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो आणि किल्ला पाच-सहाला बंद होतो, म्हणजे सोनेरी ऊन असतं तेव्हा तुम्ही बाहेरच. ते नुकसान समजू नका. किल्ला नदीच्या पश्चिम काठावर आहे. सकाळी पलीकडच्या काठावर उभे राहिलात तर ऊन तुमच्या पाठीशी आणि समोर अख्खी पूर्व बाजू उजळलेली. संध्याकाळी त्याच जागेवरून फक्त काळी आकृती मिळते, तीही मागे ढग चांगले असतील तर वाईट नाही. धक्क्यावरून, म्हणजे उत्तरेकडून, किल्ला जवळपास वर्षभर सावलीत राहतो; जूनच्या अखेरीस सूर्य वायव्येला मावळतो तेव्हा त्या भिंतीवर थोडा वेळ तांबूस ऊन येतं. डिसेंबरात गंमत उलटी. भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १३ अंश वर येतो, म्हणजे दिवसभर तिरकं ऊन, आणि तुम्ही आत असतानाच. परांचीच्या भोकांसाठी हाच महिना. थंडी सोसायची तयारी हवी.

उजेडाइतकंच भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, पण पुण्या-साताऱ्याकडचे आपण हे विसरतो. भरतीला किल्ला पाण्यात उतरतो, ओहोटीला समोर नुसता चिखल आणि त्यात आडव्या झालेल्या होड्या. सकाळचं ऊन आणि भरती एकत्र येतील असा दिवस निवडा. काळोख पडल्यावर किल्ल्यावर दिवे लागतात. तेव्हाही भरतीच हवी आणि तिवई (ट्रायपॉड) हवीच.

गावाचा कोट फुकट आहे आणि माझ्या मते निम्मी सहल तोच आहे. जवळपास १.३ किलोमीटर, २१ बुरूज, तीन जुने दरवाजे, आणि बऱ्याच भागावरून चालता येतं. सर्वांत उंच पश्चिमेच्या कोपऱ्यावर संध्याकाळी पोचा: खाली छपरं, पलीकडे किल्ला, पाठीमागून ऊन. दक्षिणेच्या भिंतीत ओळीने बारा शौचकूप बाहेर काढलेले आहेत, राजाच्या कारकुनांसाठी. बाबांनी माझ्याकडून सगळ्यात जास्त फोटो याचे काढून घेतले आणि लगेच आपल्या ट्रेकच्या ग्रुपवर टाकले.

माहितीफलक नेटके आहेत. १४०१ मध्ये पहारेकरी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेला गेले असताना ट्यूडर घराण्यातल्या दोन वेल्श भावांनी सुतारकामाचा बहाणा करून किल्ला घेतला, ही गोष्ट आपल्या लोकांनी जाताना वाचून जावी. मूळ भिंतींना पांढरा चुना दिलेला होता. त्याचे अवशेष कुठे कुठे दिसतात, बाबा नखाने खरवडायला निघाले होते. "बाबा, हात लावू नका!" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारची शाळेची सहल वळून बघायला लागली.

एडवर्डच्याच वेल्समधल्या इतर किल्ल्यांशी तुलना हवीच असेल तर: कार्नार्वनचे बहुकोनी बुरूज आणि पट्टेदार भिंती फोटोत जास्त रुबाबदार, आणि तिथल्या राजदरवाजात आता लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनी तिथे जावं. बोमॅरिस पुरा झालाच नाही, बुटका राहिला, पण खंदकातलं प्रतिबिंब वारा नसेल तर लाजवाब. हार्लेखला कड्यावरून समुद्र दिसतो. कॉनवीसकट हे चारही १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. दोन-तीन करणार असाल तर सुटी तिकिटं काढण्याऐवजी कॅडूचा पास मिळतो का ते आधी विचारा.

माझे गुण: चालायला पाचपैकी पाच, आतून फोटोला तीन, बाहेरून साडेचार. अर्धा गुण चिखलाने खाल्ला. धक्क्यावर चिप्स खाणार असाल तर भिंतीला पाठ लावून खा, तिथले सीगल हातातलं नेतात.