पाण्यात बुडालेली गाडी मला ‘एकदम कोरडी’ म्हणून विकली

मला विकलेली गाडी कधीतरी सीटच्या वरपर्यंत पाण्यात उभी होती. विकणाऱ्याला ते माहीत होतं. गिऱ्हाईक कुठे कुठे बघतं तेही त्याला माहीत होतं, त्यामुळे नेमक्या त्याच जागा त्याने आधी सजवून ठेवल्या होत्या. बॉनेटखाली इंजिन धुऊन चकचकीत, सीटना नवी कव्हरं, पायाखाली नवं मॅटिंग, आणि आत अत्तराच्या दुकानात शिरल्यासारखा घमघमाट. कुबट वास लपवायला तो घमघमाट लागतो, हे नंतर कळलं.

सुरुवातीला गाडी छान चालली. मग एका बाजूची काच अडकायला लागली, सेंट्रल लॉक मनाला येईल तेव्हा उघडायचं, मागचा दिवा कधी लागायचा, कधी नाही. बुडालेल्या गाडीचं दुखणं असं उशिरा वर येतं. सीटा सुकतात, गालिचा सुकतो, पण वायरिंगच्या कनेक्टरमध्ये शिरलेली ओल आतल्या पिना सावकाश खात राहते. तोवर विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

मेकॅनिकने इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. रोजच्या वापरात जो भाग गुंडाळलेलाच राहतो, त्यावर चिखलाची सरळ रेघ होती. कव्हरं बदलणारा माणूस तिथवर पोचला नव्हता. मग त्याने सीट पुढे-मागे सरकवून खालच्या पट्ट्या आणि बोल्ट दाखवले, सगळे गंजलेले. मॅटिंगचा कोपरा उचलून खालचा फोम दाबला, तर बोटांना ओल लागली. डिकीत स्टेपनीखालच्या खोलगट भागात बारीक गाळ बसला होता. यातलं काहीही बघायला स्कॅनर (गाडीतल्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोष वाचणारं यंत्र) लागत नाही, पान्हाही लागत नाही. गाडी उभी असलेल्या जागीच बघून होतं.

मला सर्वांत जास्त राग आला तो एअरबॅगच्या दिव्याचा. चावी फिरवली की डॅशबोर्डवर हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. लागलेलाच राहिला तर यंत्रणेत दोष आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण तो मुळीच लागला नाही तर ‘दिवा नाही, म्हणजे सगळं ठीक’ असं वाटतं. माझ्या गाडीत तो लागतच नव्हता, कारण दोष दिसू नये म्हणून तो बंदच करून टाकला होता. बाकीच्या लबाडीत माझे पैसे गेले असते. इथे अपघातात शेजारी बसलेल्याचा जीव गेला असता. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका, आणि इशाऱ्याचे दिवे एकेक करून मोजा. इंजिनाचा, एबीएसचा (ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅगचा, सगळे आधी लागले पाहिजेत.

स्कॅनर लावणार असाल तर ‘एकही एरर नाही’ एवढ्यावर थांबू नका. एरर पुसता येतात. ताज्या पुसलेल्या असल्या तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या ‘अपूर्ण’ दिसतात. बॅटरी काढून लावली तरी तसंच दिसतं, तेव्हा थोडी चालवून पुन्हा बघायची.

मीटरचं मी फार बोलत नाही. आकडा मागे नेता येतो, एवढं धरून चाला आणि टायर वाचा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘2319’ म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. माझ्या गाडीचं रनिंग अगदी कमी दाखवत होतं, आणि चारही टायर गाडीपेक्षा कितीतरी नंतरचे. एवढ्या कमी रनिंगमध्ये आधीचे चार कशाने झिजले, याचं उत्तर विकणाऱ्याकडे मागायला हवं.

आणखी एक. मी पोचलो तेव्हा इंजिन आधीच गरम होतं, ‘तुमच्यासाठीच सुरू करून ठेवली’ म्हणाला. थंड इंजिनाचे आवाज आणि पहिला धूर गरम इंजिनात ऐकू-दिसू येत नाहीत. गाडी थंडच ठेवा असं आधी सांगा, आणि गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटला हात लावा.

तक्रार घेऊन गेल्यावर त्याने कागद पुढे केला: ‘गाडी आहे त्या स्थितीत घेतली.’ खाली माझी सही. बुडाल्याचं त्याला ठाऊक होतं हे सिद्ध करण्याचं ओझं माझ्यावर आलं, आणि ते अजून चालूच आहे.

त्यानंतर ओळखीतल्या एकासाठी दुसरी गाडी बघायला गेलो, तेव्हा विकणाऱ्याला एवढंच म्हटलं की गाडी पाण्यात गेलेली नाही, मोठा अपघात नाही आणि मीटरला हात लावलेला नाही, हे सही करून लिहून द्या. तोंडी तो या तिन्ही गोष्टी दोनदा बोलला होता. कागद बघितल्यावर म्हणाला, मालकाला विचारून कळवतो. तोपर्यंत मालक तोच होता.