बोअरचं बिल, पिस्टन मात्र जुनाच: कायनेटिक होंडा झेडएक्स बाळगणाऱ्यांनी हे वाचाच

कायनेटिक होंडा झेडएक्स अजून रस्त्यावर ठेवणाऱ्यांसाठी हे लिहितो आहोत. ही गिअर नसलेली स्कूटर, ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. होंडा १९९८ मध्ये भागीदारीतून बाहेर पडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. या गाडीचे जाणकार मिस्त्री कमी उरलेत आणि त्याचाच फायदा घेतला जातो. पुण्यातल्या एका मालकाला एका गॅरेजने असंच गंडवलं.

तक्रार साधी होती: चढाला दम नाही, वेग वाढत नाही. मिस्त्रीने किक मारून पाहिली आणि सांगितलं, ‘कॉम्प्रेशन गेलंय, बोअर करावं लागेल.’ म्हणजे सिलिंडरमधला दाब कमी झालाय, तो आतून कापून मोठा करायचा आणि त्यात मोठा पिस्टन टाकायचा. बिलात लिहिलं बोअरिंग ०.५० (पिस्टन मूळ मापापेक्षा इतके मिमी मोठा), नवीन पिस्टन किट, गॅस्केट, मजुरी. काही दिवस गाडी बरी चालली, मग सिलिंडरमधून खडखड सुरू झाली. दुसऱ्या गॅरेजमध्ये हेड (सिलिंडरचं झाकण) उघडलं. पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला तर खाली ०.२५ कोरलेलं! आधीच्या मालकाच्या वेळचाच पिस्टन पेट्रोलने धुऊन, नुसत्या नव्या रिंगा चढवून परत बसवला होता. सिलिंडरमध्ये होनिंगच्या, म्हणजे बोअरनंतर आतून घासताना उमटणाऱ्या, तिरप्या रेघा नव्हत्या आणि वरच्या बाजूला झिजेची पायरी नखाला लागत होती.

झिजलेला सिलिंडर गोल राहत नाही. त्यात नवी रिंग सगळीकडे टेकत नाही, गॅस खाली निसटतो आणि ढिला पिस्टन भिंतीवर आपटत राहतो. नवी रिंग त्या पायरीला अडून तुटली, तर सिलिंडरही हातचा जातो.

चीड याची येते की मुळात बोअरची गरज होती की नाही, हे कुणी तपासलंच नव्हतं. सायलेन्सर कार्बनने चोंदला होता आणि तो तसाच परत लावला होता. म्हणून दम गेला की आधी एवढं बघा. एक्सलरेटर दिल्यावर इंजिनच दबकं चालत असेल, आवाज चढत नसेल, तर सायलेन्सर, एक्झॉस्ट पोर्ट, एअर फिल्टर आणि कार्बोरेटरचा जेट तपासा. इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, असं असेल तर बेल्ट, व्हेरिएटरचे (वेगानुसार आपोआप गिअर बदलणाऱ्या पुलीचे) रोलर किंवा क्लच शू तपासा. रोलर एका बाजूने चपटे झालेले सहज दिसतात. बेल्टची रुंदी व्हर्नियरने मोजून नव्याशी ताडून पाहा. जुना बेल्ट पुसून ‘नवीन टाकला’ म्हणणारेही आहेत. शेवटी प्लगच्या जागी कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचं मीटर) लावा: इंजिन गरम, एक्सलरेटर पूर्ण उघडा, काटा चढायचा थांबेपर्यंत सेल्फ मारा. १०० पीएसआयच्या वर रीडिंग असेल तर बोअरची घाई नको.

बोअर करायचंच ठरलं, तर नवा पिस्टन आधी हातात घ्या. बोअरिंगवाला तो मोजूनच सिलिंडर कापतो. पिस्टन न पाहता आधीच बोअर करून आणलेला सिलिंडर घेऊ नका. साइज ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशा चढत जातात, म्हणून आताची कोणती ते हेड उघडताना समोर उभं राहून वाचा. नवा पिस्टन बसवल्यावर त्याच्या डोक्यावरच्या आकड्याचा आणि बाणाचा फोटो काढा. बाण एक्झॉस्टकडे हवा. जुना पिस्टन, रिंगा, बेल्ट घरी आणायचे, हे काम देतानाच सांगून ठेवा. नाही म्हणाला तर गाडी तिथे सोडू नका.

गाडी हाती आल्यावर इंजिनभोवतीचं पंख्याचं कव्हर सगळ्या स्क्रूंसह बसलंय का ते पाहा. ते ढिलं असेल तर हवा सिलिंडरपर्यंत पोचत नाही, इंजिन जाम होतं आणि खापर ‘तुम्ही पळवली’ म्हणून मालकावर फुटतं. ऑइल पंपाची नळी काढली असेल तर तिच्यात हवा अडकते. म्हणून पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही लिटरमागे २० ते २५ मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घाला.

बिल पक्कंच घ्या आणि पिस्टनची साइज त्यावर लिहून घ्या. वरच्या प्रकरणात गॅरेजवाल्याला खोटं पाडलं ते त्या ‘०.५०’नेच. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पिस्टनचा फोटो, बिल आणि दुसऱ्या मिस्त्रीचं लेखी म्हणणं सोबत जोडा. त्याआधी इंजिन पुन्हा बांधून घेऊ नका, नाहीतर पुरावाच जातो.